आधी पाणी बघा, मग जनावर शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रीक पुराणांतले समुद्री राक्षस खऱ्या कुठल्या प्राण्यांवरून सुचले असतील? सहा मानांची स्किला म्हणजे महाकाय म्हाकूळ (स्क्विड) होती असं वाचलं, ते खरं का? आणि कॅरिब्डिस नावाचा जहाजं गिळणारा भोवरा आज कुठे बघायला मिळतो का?

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे उत्तर कुठल्या अंगाने येतंय ते कळेल. मी प्राणिशास्त्रज्ञ नाही. सव्वीस वर्षं मर्चंट नेव्हीत गेली, त्यातली शेवटची नऊ कॅप्टन म्हणून, आणि आता मुलांना नेव्हिगेशन शिकवतो. स्किला आणि कॅरिब्डिस या दोघींचं बिऱ्हाड जिथे आहे असं मानतात, त्या इटली आणि सिसिली बेटामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीतून मी मोजायचं सोडून दिलं इतक्या वेळा गेलोय. ग्रीक कथा वाचायचा नाद तिथूनच लागला.

म्हाकुळाचं मला पटत नाही. भोवरा आहे, आजही आहे, पण तो जहाज गिळत नाही. आणि 'हा राक्षस म्हणजे तो प्राणी' अशा जोड्या लावायला लोक बसतात तिथेच बहुतेक गाडी घसरते. कथा ज्या किनाऱ्याची आहे तिथलं पाणी कसं वागतं ते आधी बघावं. अर्धा राक्षस तिथेच सापडतो. उरलेल्या अर्ध्यासाठी मग जनावर शोधावं.

होमरच्या 'ओडिसी'च्या बाराव्या सर्गात किर्के नावाची जादूगारीण ट्रॉयच्या युद्धाहून घरी निघालेल्या ओडिसिअसला पुढची वाट समजावून सांगते. मला तो भाग काव्यापेक्षा पायलट बुकासारखा, म्हणजे खलाशांना किनाऱ्याची वाट सांगणाऱ्या पुस्तकासारखा वाटतो. एका बाजूला आभाळाला टेकलेला गुळगुळीत सुळका. त्याच्या मध्यावर काळोखी गुहा, तोंड पश्चिमेला. गुहेत स्किला: लोंबते बारा पाय, लांबलचक सहा माना, प्रत्येक जबड्यात दातांच्या तीन ओळी, आणि आवाज मात्र नुकत्या जन्मलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा. दुसऱ्या बाजूला बुटका खडक, त्यावर पानांनी डवरलेलं अंजिराचं झाड, आणि झाडाखाली कॅरिब्डिस. ती दिवसातून तीनदा काळं पाणी ओढून घेते आणि तीनदा ओकते. दोन्ही खडकांमधलं अंतर एका बाणाच्या टप्प्याचं. सल्ला असा की स्किलाची कड धरून जा. सहा माणसं जातील, पण अख्खं जहाज जाण्यापेक्षा ते बरं. ओळखायची खूण, धोका कुठे, कुठली बाजू धरायची. आजचं पायलट बुकही याच क्रमाने सांगतं, फक्त माना मोजत नाही.

होमर जागेचं नाव मात्र सांगत नाही. मेसिना हे नंतरच्यांनी ठरवलं. इसवीसनापूर्व पाचव्या शतकात अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीस सरळ लिहितो की सिसिली आणि इटलीमधली ही चिंचोळी वाट म्हणजेच ओडिसिअस जिथून गेला म्हणतात ती कॅरिब्डिस. तेव्हापासून तो पत्ता चिकटला. पत्त्यात खोट आहेच. इटलीच्या बाजूचं स्किला गाव आणि सिसिलीचं पेलोरो टोक यांच्यात साडेपाच-सहा किलोमीटर पाणी आहे, बाण कुठला पोचतोय. ग्रीक भूगोलतज्ज्ञ एराटोस्थेनिसने तर याची टरच उडवली होती: 'ओडिसी'तली ती वाऱ्यांची पिशवी शिवणारा चांभार सापडला की ओडिसिअस कुठे कुठे भटकला तेही सापडेल. त्याची थट्टा मी विसरत नाही. तरीपण ते पाणी एकदा बघितलं की कथा तिथे का येऊन बसली हे कळायला वेळ लागत नाही.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच असं आपण शाळेत शिकतो. मेसिनात पाणी चढतं-उतरतं ते वीतभर. आपल्या मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्यापुढे हे काहीच नाही. पण गंमत वेगळीच आहे. सामुद्रधुनीच्या उत्तरेला तिर्हेनियन समुद्र, दक्षिणेला आयोनियन, आणि दोघांच्या भरतीच्या वेळा जवळजवळ उलट्या. इकडे पाणी चढलेलं असतं तेव्हा तिकडे उतरलेलं. म्हणजे वीतभरच का होईना, पण उतार तयार होतो, आणि तो काही किलोमीटरच्या आत. वाट सर्वांत अरुंद आहे तिथे तीन किलोमीटर जेमतेम, आणि तळाला एक उंबरठा, त्यावर पाणी ऐंशी मीटरच्या आसपास. दक्षिणेला तर तळ झपाट्याने हजार मीटरच्या खाली जातो. एवढ्या दोन समुद्रांचं पाणी या दारातून आत-बाहेर करतं. वेग चार-पाच नॉट, म्हणजे ताशी सात ते नऊ किलोमीटर, सहज होतो, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला जास्त, आणि साधारण सहा तासांनी दिशा उलटते. वल्ह्यांवरचं जुनं गलबत रेटून चालवलं तर तेवढाच वेग काढायचं. म्हणजे माणसं घाम गाळतायत आणि किनाऱ्यावरचं झाड जागचं हलत नाहीये, अशी अवस्था.

त्यात भर म्हणजे आयोनियनचं पाणी थंड आणि जास्त खारं, म्हणून जड. तिर्हेनियनचं हलकं. दोन्ही भेटतात तिथे जड पाणी खाली घुसतं, हलकं वर राहतं, मध्येच खालचं उसळून वर येतं. किनाऱ्याला लागून उलटे प्रवाह सुटतात आणि मुख्य प्रवाहाशी घासतात तिथे भोवरे पडतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा थर्ड मेट, म्हणजे धाकटा अधिकारी होतो. काळ्या समुद्रातून गहू भरून जेनोआला निघालो होतो, पहाटेची वेळ, ब्रिजवर पायलट (तिथलं पाणी माहीत असलेला स्थानिक वाटाड्या), कॅप्टन, मी, आणि सुकाणूवर देवगडचा एक सुकाणी. पेलोरोच्या अलीकडे त्याचा हात चाळवायला लागला. पाच डिग्री सुकाणूवर गुपचूप चाललेलं जहाज पंधरा डिग्री मागायला लागलं, तेही एकदा इकडे, एकदा तिकडे. तो माझ्याकडे न बघता पुटपुटला, "सायबानू, पाणी वडता हा." समोर समुद्राच्या पाठीवर कुणीतरी पट्टी लावून रेघ ओढावी तशी रेघ होती. अलीकडे बारीक, चिडक्या, टोकदार लाटा, आणि पलीकडे तेल सांडल्यासारखं गुळगुळीत. पायलटने हाताने कापल्याची खूण केली आणि म्हणाला, 'ताल्यो'. म्हणजे काप. भोवऱ्यांना ते 'गारोफालो' म्हणतात. दुर्बिणीतून एक दिसला: परातीच्या आकाराच्या चकत्या एकमेकींत फिरत होत्या, मधोमध उथळ खळगा, त्यात अडकलेला थर्माकोलचा डबा गोल गोल. एवढंच. आमचं जहाज काही हजार टनांचं, त्याचा पाच-सात डिग्री कल बिघडला. पण होडी असती, वारा पडलेला असता आणि प्रवाहाची दिशा फिरायची वेळ असती, तर? कोकणातला कुठलाही तांडेल सांगेल, खाडीच्या तोंडावर ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की काय होतं.

आता माझा आवडता हिशेब. होमर म्हणतो तीनदा. पाणी दिवसातून दोनदा एका दिशेला आणि दोनदा दुसऱ्या दिशेला जातं, त्यामुळे ग्रीक इतिहासकार पॉलिबियसलाच प्रश्न पडला होता. नक्कल करणाऱ्याची चूक असेल नाहीतर चौकशीतली गफलत, असं त्याने सुचवलं, ते भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवून ठेवलंय. पण त्याच सर्गात पुढे एक घड्याळ आहे. जहाज फुटल्यावर ओडिसिअस डोलकाठी आणि कणा बांधून त्यावर बसून वाहत येतो, सूर्य उगवताना कॅरिब्डिसपाशी पोचतो. ती पाणी ओढते, तो अंजिराला वटवाघळासारखा लोंबकळतो आणि लाकडं परत वर यायची वाट बघतो. ती वर येतात कधी? दिवसभर तंटे सोडवून माणूस जेवायला उठतो त्या सुमाराला. तीनदा ओढणं आणि तीनदा ओकणं असेल तर चार-चार तासांची पाळी होते. कथेतला खोळंबा त्याहून मोठा आहे, सहा तासांच्या पलीकडेच जातो. मला वाटतं 'तीन' हा आकडा गाण्याचा आहे, आणि लोंबकळण्याचा वेळ खऱ्या खलाशाकडून आलेला.

कॅरिब्डिसला शरीरच नाही हेही लक्षात घ्या. होमर तिला ना डोकं देतो ना पाय. ती नुसतं पाणी आहे. राक्षसीण म्हणून तिचं वर्णन करायला कवीला जनावर लागलंच नाही.

स्किलाला शरीर आहे, म्हणून तिथे म्हाकूळ, ऑक्टोपस वगैरे मंडळी येतात. म्हाकुळाविरुद्ध माझं म्हणणं साधं आहे. महाकाय म्हाकूळ शेकडो मीटर खोल राहतं, वर येतं ते बहुधा मरायला टेकल्यावर, आणि भूमध्य समुद्रात त्याच्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या. स्किला तर पाण्यात नाहीच! ती खडकाच्या मध्यावर, गुहेत. ती वरून खाली वाकून माणसं उचलते. होमरचं चित्र नीट वाचा: सगळे खलाशी भेदरून खाली कॅरिब्डिसकडे बघतायत, तेवढ्यात सहाजण वर गेले, ओडिसिअस मान वळवतो तर त्यांचे हातपाय डोक्यावर हवेत लोंबतायत. आणि लगेच उपमा येते, कड्यावर बसलेला कोळी लांब काठीने गळ टाकतो, मासा फडफडत वर खेचतो आणि बाहेर फेकतो. कवीच सांगतोय की ही मासेमारी आहे. मासा कोण, एवढंच उलटलंय.

पॉलिबियसने ही उपमा पकडली. स्किलाच्या खडकाखाली त्याच्या काळात तलवार मासा कसा मारत, ते त्याने बारकाईने दिलंय. उंचावर एक टेहळ्या. खाली दोन-दोन माणसांच्या होड्या, एक वल्हवणारा, दुसरा नाळेवर भाला धरून उभा. टेहळ्या ओरडून मासा कुठे आहे ते सांगतो, होडी जवळ गेली की भालेकरी मारतो. भाल्याचं फाळ सैल बसवलेलं, त्याला लांब दोरी, मासा दमेपर्यंत सोडायची. होमरची स्किलाही गुहेतून डोकी बाहेर काढून डॉल्फिन, मुशी (लहान शार्क) आणि त्याहून मोठं काही मिळेल ते धरत असते. पॉलिबियसचं म्हणणं, ही त्याच किनाऱ्यावरची मासेमारी आहे, कवीने राक्षसिणीच्या अंगावर घातलेली.

ती मासेमारी अजून चालते. उन्हाळ्यात तिथून गेलात तर विचित्र बोटी दिसतात. मध्ये पंचवीस-तीस मीटर उंच जाळीदार लोखंडी डोल, त्याच्या टोकावर बसून माणूस बोटही हाकतो आणि मासाही बघतो. नाळेतून पुढे बोटीपेक्षा लांब शिडीसारखा पूल निघालेला, त्याच्या टोकाला भालेकरी. मासा झोपलेला असतो तेव्हा इंजिनाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायच्या आत भालेकरी त्याच्या डोक्यावर आलेला असतो. दूरवरून त्या सांगाड्याकडे बघताना लांब मानेचं काहीतरी पाण्यावर वाकलंय असं मला दरवेळी वाटतं. अर्थात हे लोखंडी सांगाडे अलीकडचे. यावरून पुरावा काढू नका.

कुत्र्याचं काय? 'स्किला' हा शब्द ग्रीकात पिल्लासाठी असलेल्या 'स्किलॅक्स'च्या जवळचा आहे, होमर स्वतःच त्यावर खेळतो. ग्रीक लोक मुशीला समुद्राचं कुत्रं म्हणायचे, आणि एका लहान मुशीचं शास्त्रीय नाव आजही 'स्किलिओऱ्हायनस' आहे. दातांच्या अनेक ओळी ज्याने मुशी नाहीतर मोरी सोलली आहे त्याला वेगळ्या समजवाव्या लागत नाहीत. पुढच्या काळातल्या चित्रांत आणि शिल्पांत स्किला वरून बाई, कमरेला कुत्र्यांची तोंडं आणि खाली माशाची शेपटी अशी होते. ते होमरमध्ये नाही. आणि गुहेतल्या पिल्लाच्या आवाजाबद्दल माझा स्वतःचा एक अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घ्या: भूमध्य समुद्रातला मंक सील. तो पिल्लं घालतो ते कड्याखालच्या गुहांत, कधी तोंड पाण्याखाली बुडालेल्या गुहांत. आज ते काही शेच उरलेत, पण तेव्हा कळपाने असायचे. 'ओडिसी'तच समुद्रातला म्हातारा देव प्रोटिअस आपले सील मेंढपाळासारखे मोजतो आणि राजा मेनेलाउस त्यांच्या कातड्याखाली लपतो तेव्हा वासाने हैराण होतो. रात्री कड्याच्या पोटातून पिल्लाचं केकाटणं आलं, तर खाली वल्हवणाऱ्यांनी काय समजावं?

मेसिनाची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पाणी उसळून वर येतं तेव्हा ते खोलातलं जगही घेऊन येतं. थंडीत, जोराच्या प्रवाहानंतर आणि दक्षिणेचा वारा सुटला की गांझिरी आणि पेलोरोच्या वाळूवर असे मासे सापडतात जे एरवी शेकडो मीटर काळोखात असतात. वायपरफिश असतो फक्त वीतभर, पण त्याचे खालचे सुळे तोंडात मावत नाहीत, डोळ्यांपर्यंत बाहेरून वर येतात, आणि पोटाखाली दिव्यांच्या ओळी. हॅचेटफिश म्हणजे चांदीचा पत्रा कापून केलेला कुऱ्हाडीचा पाता. एकोणिसाव्या शतकात युरोपातले निसर्गअभ्यासक यासाठीच मेसिनाला यायचे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल 1859-60 मध्ये इथे बसून रेडिओलेरिया नावाचे सूक्ष्म समुद्री जीव गोळा करत होता. ज्या किनाऱ्यावर समुद्र अधूनमधून असे नमुने टाकतो तिथल्या लोकांना खाली काय काय असेल याची कल्पना करायला काही कमी पडत नसेल.

'स्किला हे चाच्यांच्या वेगवान गलबताचं नाव होतं, ते ओडिसिअसने चुकवलं,' असंही एक स्पष्टीकरण प्राचीन काळीच पॅलेफाटस नावाच्या ग्रीक लेखकाने देऊन टाकलंय. त्याच्या हाताला लागलेला प्रत्येक राक्षस शेवटी एखाद्या गलबताचं नाहीतर माणसाचं नाव निघतो. सोडून देऊ.

आता दुसरी जात, केटोस. हा शब्द ग्रीकात कुठल्याही अजस्र जलचराला चालतो: देवमासा, मोठा ट्यूना, सील, आणि राक्षस. आकाशातला 'सीटस' तारकासमूह तोच. दोन कथा प्रसिद्ध आहेत. राणी कॅसिओपियाने फुशारकी मारली म्हणून समुद्रदेव पोसायडनने तिच्या देशावर केटोस सोडला आणि तिच्या मुलीला, अँड्रोमेडाला खडकाला बांधावं लागलं. वीर पर्सियसने तिला सोडवलं. आणि ट्रॉयच्या राजाने पोसायडनची मजुरी बुडवली म्हणून त्याच्या मुलीवर, हेसिओनीवर तीच पाळी आली. तिथे हेराक्लीस आला.

सगळे जण इथे देवमासा म्हणून मोकळे होतात. पण अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणकथांच्या संग्रहात ही वाक्यं काळजीपूर्वक वाचा. एका ठिकाणी पोसायडन देशावर 'पूर आणि केटोस' पाठवतो. ट्रॉयच्या गोष्टीत केटोस पुराच्या लाटेवरून वर येतो आणि मैदानातली माणसं उचलून नेतो. म्हणजे दोन्हीकडे आधी समुद्र जमिनीवर चढतो आणि जनावर त्याच्यासोबत येतं. पोसायडन हा भूकंपाचाही देव आहे, 'धरणी हलवणारा' हे त्याचं नेहमीचं विशेषण. इथे मला तरी जनावराआधी त्सुनामी दिसते.

युरिपिडीसच्या 'हिप्पोलिटस' नाटकात, इसवीसनापूर्व 428 मध्ये, हे जवळजवळ पंचनाम्यासारखं आलंय. दूत येऊन सांगतो: आम्ही किनाऱ्याने रथ हाकत होतो, जमिनीच्या पोटातून मेघगर्जनेसारखा आवाज आला, घोड्यांनी डोकी वर करून कान टवकारले, आणि समुद्राकडे पाहतो तर आभाळाला भिडलेली लाट, इतकी की पलीकडचे कडे आणि इस्थमसची चिंचोळी पट्टी दिसेनाशी झाली. ती फेसाळत किनाऱ्यावर आली आणि तिच्यातून एक बैल बाहेर पडला. बैल येईपर्यंत यात अलौकिक काहीच नाही. गडगडाट, जनावरांचं बिथरणं, मग लाट, हा क्रम भूकंप बघितलेल्या माणसाचा आहे. दोनच वर्षांनी, 426 मध्ये, युबिया बेटाच्या बाजूला भूकंपानंतर समुद्र मागे हटून परत चालून आला, आणि थ्युसिडिडीसने भूकंप हेच कारण म्हणून लिहिलं. एका शहरात, एकाच पिढीत, एकाची लाट बैल जन्माला घालते आणि दुसऱ्याची सरळ लाटच राहते.

लाटेबरोबर जनावर का यावं, याचंही उत्तर लिहिलेलं सापडतं, पण ते बरंच नंतरचं. इसवी सन 365 मधल्या 21 जुलैच्या त्सुनामीबद्दल रोमन इतिहासकार अमियानस मार्सेलिनस लिहितो की समुद्र इतका मागे गेला की तळ उघडा पडला, चिखलात रुतलेले तऱ्हेतऱ्हेचे जलचर दिसायला लागले, लोक उरलेल्या डबक्यांतून हाताने मासे गोळा करत फिरत होते, आणि मग पाणी परतलं. अलेक्झांड्रियात गलबतं घरांच्या छपरांवर जाऊन बसली. जो वाचला त्याच्या आठवणीत काय राहील? उघडा पडलेला तळ, तिथे वळवळणारं काहीतरी, आणि लगेच माणसं गिळली गेली. खुद्द स्किला गावात 1783 च्या फेब्रुवारीत हेच घडलं: भूकंपाच्या भीतीने लोक वाळूवर झोपायला गेले, रात्री डोंगराचा कडा समुद्रात कोसळला आणि त्या लाटेने सुमारे 1500 माणसं नेली. होमरला त्या रात्रीबद्दल काय माहीत असणार! पण त्या खडकाखालचा समुद्र असा वागू शकतो एवढं नक्की.

मग देवमासा मुळीच नाही का? आहे ना, पण बहुतेक वेळा मेलेला. पर्सियसने मारलेल्या केटोसची हाडं म्हणून जाफाहून, म्हणजे जुन्या जोप्पाहून, एक सांगाडा मार्कस स्कॉरस या रोमन अधिकाऱ्याने रोमला आणला आणि 58 साली इसवीसनापूर्व आपल्या खेळांच्या वेळी मांडला. रोमन लेखक प्लिनीने मापं दिली आहेत: लांबी 40 फूट, फासळ्या हिंदुस्थानी हत्तीपेक्षा उंच, पाठीचा कणा दीड फूट जाड. ही मापं मोठ्या देवमाशाला चपखल बसतात. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, एका फार जुन्या विहिरीतून फिन व्हेलचं खांद्याचं हाड निघालं, त्यावर कापल्याच्या खुणा. कुणीतरी केटोसच्या खांद्याचा पाट करून त्यावर काहीबाही चिरत होतं. जिब्राल्टरजवळच्या रोमन काळच्या हाडांच्या डीएनएवरून 2018 मध्ये कळलं की तेव्हा राइट व्हेल आणि ग्रे व्हेलही त्या बाजूला येत. आज दोन्ही तिथे नाहीत. आणि ग्रीसच्या नैऋत्येला पायलॉसच्या पुढे समुद्र पाच किलोमीटरहून खोल जातो, त्या खंदकाच्या कडेने स्पर्म व्हेल आजही राहतात. तिथून जाताना मी दोनदा त्यांचा तिरका फवारा पाहिलाय. किनाऱ्यापासून किती जवळ, याचंच आश्चर्य वाटतं.

जीवाश्मांबद्दलही विचारलं जातं. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात इसवीसनापूर्व 550 च्या सुमाराचं एक कोरिंथियन भांडं आहे: हेसिओनी दगड मारतेय, हेराक्लीस बाण सोडतोय, आणि केटोस म्हणजे काळ्या खडकातून बाहेर आलेली नुसती पांढरी कवटी. एड्रिएन मेयर या संशोधिकेचं म्हणणं, चित्रकाराने कड्यातून उघडी पडलेली खऱ्या जीवाश्माची कवटी पाहिली असावी, बहुधा जिराफाच्या कुळातल्या एखाद्या नामशेष प्राण्याची. दुसरे म्हणतात, गुहेतून डोकावणारा राक्षस आहे, नीट जमला नाही इतकंच. भांड्याचा फोटो मी बराच वेळ बघितलाय. जबड्याचा सांधा खरोखर हाडासारखा वाटतो, बाकी मला निम्मंच पटलंय. ग्रीकांना दगडातली हाडं दिसत होती यात मात्र वाद नाही. ग्रीक तत्त्वज्ञ झेनोफेनिसने सिसिलीतल्या सिराक्यूजच्या खाणींत माशांचे ठसे पाहून इथे पूर्वी समुद्र होता असा तर्क केला होता.

शार्कचा वाटाही विसरू नका. इसवीसनापूर्व 492 मध्ये उत्तर ग्रीसमधल्या अॅथोसच्या टोकाला पर्शियन आरमार फुटलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, सुमारे 300 गलबतं आणि 20000 माणसं गेली. काही खडकावर आपटून, काहींना पोहता येत नव्हतं म्हणून, काही थंडीने, आणि काहींना समुद्रातल्या जनावरांनी ओढून नेलं. त्याला यात राक्षस लागत नाही.

बाकीचे पटकन. गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरेन मुळात पक्ष्याच्या अंगाच्या बाया, त्यांना मासळीची शेपूट नंतर लागली. अनेक तोंडांची नागीण हायड्रा समुद्रातली नाहीच, लेर्नाच्या दलदलीतली. एक तोंड बुजवलं की दोन फुटतात हे मला सापापेक्षा पाणथळातल्या झऱ्यांचं वर्णन वाटतं. आणि टनाग्राचा ट्रायटन! ट्रायटन म्हणजे अर्धा माणूस, अर्धा मासा. पॉसेनियस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने तिथे ठेवलेला बिनडोक्याचा ट्रायटन स्वतः पाहिला. गावकऱ्यांची गोष्ट अशी की तो जनावरं पळवायचा आणि होड्यांवर हल्ला करायचा, म्हणून त्यांनी किनाऱ्यावर दारूचं भांडं ठेवलं. तो पिऊन वाळूत लवंडला आणि एकाने कुऱ्हाडीने मुंडकं उडवलं. मुंडकं का नाही याचं इतकं सोयीचं कारण दुसरं नसेल. सीलच असावा, आणि डोकं दाखवलं असतं तर कुणीही ओळखला असता.

आपल्या समुद्राशी याचा खरा धागा एकच आहे, पण सुरेख आहे. इसवीसनापूर्व 325 मध्ये अलेक्झांडरचा दर्यासारंग निआर्कस सिंधूच्या मुखातून निघून मकरानच्या कडेने, म्हणजे आपल्याच अरबी समुद्रातून, इराणकडे चालला होता. पहाटे समोर पाण्याचे फवारे उडताना दिसले. वाटाड्यांनी सांगितलं, हे केटोस आहेत, पाणी वर फेकतायत. ऐकून वल्हेकऱ्यांच्या हातातली वल्हीच गळाली. निआर्कसने होड्या लढाईसारख्या ओळीत लावल्या, सगळ्यांना एका सुरात आरोळ्या मारत, तुताऱ्या फुंकत, वल्ही आपटत सरळ त्यांच्यावर चालून जायला सांगितलं. देवमाशांनी डुबकी मारली आणि पार मागे जाऊन वर आले. खलाशांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या काळातल्या एरियन या इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय, आणि पुढे हेही की त्या किनाऱ्यावरचे लोक वाळूत लागलेल्या देवमाशांच्या हाडांची घरं बांधत, फासळ्यांचे वासे आणि जबड्यांची दारं करून. रेवदंड्याला 2015 मध्ये निळा देवमासा लागला तेव्हा बघायला जमलेल्या गर्दीचे फोटो पाहताना मला ती दारं आठवली.

आता शेवटचा भाग, कॅरिब्डिस बघायला कुठे जायचं. पेलोरो टोकावर तोरे फारो म्हणून गाव आहे, दीपगृहाच्या खालच्या वाळूवर उभं राहा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या जवळचा दिवस धरा, प्रवाह फिरायच्या वेळा स्थानिक तक्त्यात मिळतात, आणि त्याच्या अर्धा तास आधी पोचा. वारा नसेल तर आधी आवाज येतो, नदी वाहिल्यासारखा, आणि मग रेघ दिसते. समोर इटलीच्या बाजूला स्किलाचा खडक, वर किल्ला. फेरीने पलीकडे गेलात तर खडकाच्या खालच्या कियानालेआ या कोळीवाड्यात तलवार माशाचा भाजलेला तुकडा पावात घालून देतात. जूनमध्ये जा, तेव्हा तो ताजा असतो आणि त्या लांब नाकाच्या बोटीही पाण्यात असतात.